बाटलीवर कोबाल्ट नायट्रेट, पण फ्लास्कमध्ये कोण?

बारावीला किंवा बीएस्सीला तुम्ही सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलं असेल, तर कोबाल्ट नायट्रेटशी तुमची ओळख जुनी आहे. कोळशाच्या तुकड्यात खळगा करायचा, त्यात दिलेला पदार्थ आणि सोडियम कार्बोनेट ठेवायचं, ब्लोपाइपने ज्योत मारायची. पांढरा अवशेष उरला की त्यावर कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाकून पुन्हा तापवायचं. निळा रंग आला तर अ‍ॅल्युमिनियम, हिरवा आला तर झिंक, फिकट गुलाबी आला तर मॅग्नेशियम. जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान लिहून सही घेतली की विषय संपला.

संशोधनाला आलात की हाच क्षार पुन्हा भेटतो, आणि मग मात्र पाठ सोडत नाही. सुपरकपॅसिटर, बॅटरीचे इलेक्ट्रोड, पाण्यातून ऑक्सिजन काढणारे उत्प्रेरक, सच्छिद्र धातू-सेंद्रिय जाळ्या... यातल्या शेकडो पेपरांचा प्रायोगिक भाग 'कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट इतके ग्रॅम घेतले' याच वाक्याने सुरू होतो. स्वस्त आहे, पाण्यात पटकन विरघळतो, तापवला की ऑक्साइड देतो. लाल-तपकिरी स्फटिकांची ती बाटली बहुतेक मटेरियल्स लॅबमध्ये असतेच.

आज या क्षाराचा इतिहास सांगताना मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. बाटलीवर ज्याचं नाव आहे, तोच पदार्थ तुमच्या प्रयोगात काम करतोय का? प्रश्न बाळबोध वाटेल. पण कोबाल्टच्या बाबतीत तो जवळजवळ ३०० वर्षं पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर शोधताना चांगल्या चांगल्या माणसांचे कष्ट आणि दावे पणाला लागले आहेत. उद्या तुमचे लागतील, म्हणून आधीच ओळख करून घेतलेली बरी.

निळा रंग कोणाचा?

जर्मनीतल्या सॅक्सनी भागात, श्नेबर्गच्या आसपासच्या खाणींमध्ये चांदीसारखं दिसणारं एक खनिज सापडायचं. भाजलं तर चांदी मिळायची नाही, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा. खाणकामगार म्हणायचे, खाणीतल्या 'कोबोल्ड' नावाच्या खोडकर भुताने चांदी पळवली आणि हे मागे ठेवलं. त्यावरूनच 'कोबाल्ट' हे नाव आलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हे भुताचं खनिज काचेत मिसळलं तर काच गडद निळी होते. ती दळून केलेली पूड, म्हणजे स्माल्ट, रंग म्हणून विकली जाऊ लागली.

पण तो निळा रंग नेमका कशामुळे येतो? या खनिजांबरोबर बऱ्याचदा बिस्मथ सापडायचं, त्यामुळे श्रेय बिस्मथला दिलं जायचं. एकत्र सापडतात, म्हणजे त्याचंच काम असणार! आजच्या भाषेत सांगायचं तर नमुना अशुद्ध होता, आणि ज्याचं नाव आधीपासून माहीत होतं त्याच्याच खात्यावर परिणाम जमा झाला.

स्वीडनचे गेओर्ग ब्रांट यांनी १७३५च्या सुमारास हा गोंधळ सोडवला. त्यांनी केलेली कामं तुम्हाला ओळखीची वाटतील, कारण त्यातलं एक तुम्हीही केलं आहे. बिस्मथ आम्लात विरघळवून ते द्रावण भरपूर पाण्यात ओतलं की पांढरा साका येतो. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये बिस्मथची खात्री करायला आपण हेच करतो. कोबाल्टच्या द्रावणात नुसतं पाणी ओतून असा साका येत नाही, त्याला अल्कली लागते. बिस्मथ पाऱ्यात मिसळतं, कोबाल्ट मिसळत नाही. बिस्मथ थोड्या उष्णतेत वितळतं, कोबाल्टला प्रचंड उष्णता लागते. असे फरक एकेक करून मांडत ब्रांट यांनी दाखवलं की निळा रंग देणारा हा एक वेगळाच धातू आहे. ज्याचा शोध कोणी लावला हे नावानिशी सांगता येतं, असा हा इतिहासातला पहिला धातू मानला जातो.

तरी सगळ्यांनी लगेच मान डोलावली नाही. हा वेगळा धातू नसून लोखंड आणि आर्सेनिक यांचंच काहीतरी मिश्रण आहे, असा संशय बराच काळ टिकून होता. १७८०च्या सुमारास टॉर्बर्न बेर्गमन यांच्या कामाने ब्रांट यांना दुजोरा मिळाला. लोखंडाचा हा संशय लक्षात ठेवा, शेवटी तो वेगळ्या रूपात परत येणार आहे.

नावं वेगळी, शेवट एकच

१८०२ साली फ्रान्समध्ये लुई-जाक तेनार यांना चित्रकारांसाठी चांगला निळा रंग तयार करायचा होता. त्यांनी कोबाल्टचं फॉस्फेट किंवा आर्सेनेट घेतलं, अ‍ॅल्युमिनाबरोबर भाजलं आणि 'कोबाल्ट ब्लू' तयार केला. आता तुमच्या कोळशाच्या खळग्याकडे बघा. तुम्ही घेतलं होतं नायट्रेट, तेनार यांनी घेतलं फॉस्फेट किंवा आर्सेनेट. शेवटी मिळालेला निळा पदार्थ मात्र एकच, कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेट. त्यात ना नायट्रेट उरतं, ना आर्सेनेट.

मटेरियल्सच्या भाषेत सुरुवातीच्या पदार्थाला 'प्रिकर्सर' म्हणतात, म्हणजे पूर्वगामी. त्याचं काम धातूचे अणू हव्या त्या ठिकाणी पोचवून बाजूला होणं. कोबाल्ट नायट्रेट यासाठीच आवडीचं आहे. साधारण ५५ अंश सेल्सिअसला ते स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं. आणखी तापवलं की पाणी आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू निघून जातो आणि काळा कोबाल्ट ऑक्साइड उरतो. क्लोराइड वापरलं तर क्लोरीनचे अवशेष उत्पादनात अडकून राहण्याची भीती असते. नायट्रेट मागे फारसं काही ठेवत नाही.

म्हणजे प्रिकर्सरच्या बाबतीत बाटलीवरचं नाव बदलणार, हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. खरी अडचण पुढे आहे. पदार्थ बदलून आपल्याला हवा तो झाला, एवढ्यावर थांबला की अजून बदलतोय, हे कसं कळणार?

क्लोराइड मोजणारा माणूस

नेट-सेटची तयारी करताना आल्फ्रेड वर्नर तुम्ही वाचलेच असतील. बहुतेक पुस्तकांत त्यांचा सिद्धांत एका पानात उरकलेला असतो. त्यामागे १४ वर्षांचा वाद होता, आणि तोही कोबाल्टच्याच क्षारांवर.

१७९८ मध्ये तासेर्त नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कोबाल्टचा क्षार अमोनियात ठेवल्यावर रंग बदलतो, अशी नोंद केली. पुढच्या शतकात कोबाल्ट, अमोनिया आणि क्लोरीन यांची रंगीबेरंगी संयुगं हाती आली. एका कोबाल्ट ट्रायक्लोराइडमागे ६ अमोनिया असतील तर पिवळं, ५ असतील तर जांभळट, ४ असतील तर हिरवं. अडचण अशी की कोबाल्ट ट्रायक्लोराइडही 'पूर्ण' रेणू आणि अमोनियाही 'पूर्ण' रेणू. दोघांच्या संयुजा भागलेल्या, तर मग ते एकमेकांना धरून का बसतात?

डेन्मार्कचे सोफस मॅड्स योर्गेनसेन यांचं उत्तर होतं, साखळी. सेंद्रिय रसायनात कार्बन एकापुढे एक जोडले जातात, तसे अमोनियाचे रेणू धातू आणि क्लोरीनच्या मध्ये ओळीने लागतात. १८९३ साली २६ वर्षांच्या वर्नर यांनी सांगितलं की साखळीबिखळी काही नाही. कोबाल्टभोवती ६ जागा आहेत, अष्टफलकाच्या ६ कोपऱ्यांवर. अमोनिया कमी झाला की त्याच्या जागी क्लोराइड येऊन बसतं, आणि असं घट्ट बसलेलं क्लोराइड द्रावणात सुटं होत नाही.

आता हे तपासायचं कसं? सिल्व्हर नायट्रेट घाला आणि किती क्लोराइड साका होऊन खाली बसतं ते मोजा. ६ अमोनियाच्या संयुगात तिन्ही क्लोराइड मिळतात, ५ अमोनियात २, ४ अमोनियात १. सूत्रात तिन्ही वेळी क्लोरीन ३ आहेत, पण द्रावणात सुटे किती हे वेगळं. इथपर्यंत दोन्ही सिद्धांत जुळत होते. फरक ३ अमोनियाच्या संयुगात पडायला हवा होता. योर्गेनसेन यांच्या साखळीप्रमाणे तिथेही १ सुटं आयन निघायला हवं, वर्नर यांच्या मते एकही नाही. वर्नर आणि आर्तुरो मिओलाती यांनी अशा संयुगांच्या द्रावणांची विद्युतवाहकता मोजली. ३ अमोनिया आणि ३ नायट्राइट गट असलेल्या कोबाल्टच्या संयुगाची वाहकता जवळपास शून्य निघाली. आणि गंमत बघा, योर्गेनसेन यांनी स्वतः तयार केलेल्या इरिडियमच्या तशाच संयुगातूनही क्लोराइड सुटं होत नव्हतं. आपल्याच सिद्धांताविरुद्ध जाणारं ते निरीक्षण त्यांनी दडवलं नाही, छापलं.

वाद तरी मिटला नाही. वर्नर यांचं अष्टफलक खरं असेल, तर ४ अमोनिया आणि २ क्लोराइडच्या संयुगाची दोन रूपं हवीत. दोन्ही क्लोराइड शेजारी असलेलं एक, समोरासमोर असलेलं दुसरं. हिरवं माहीत होतं, जांभळं सापडत नव्हतं. योर्गेनसेन यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. १९०७ मध्ये वर्नर यांनी ते जांभळं संयुग तयार केलं आणि योर्गेनसेन यांनी आपली बाजू सोडली. पण साखळी चुकली म्हणून त्यांचं आयुष्यभराचं काम वाया गेलं नाही. त्यांनी काळजीने तयार केलेली संयुगं आणि प्रामाणिक नोंदी नसत्या, तर वर्नर यांना आधार कशाचा मिळाला असता?

शेवटचा पुरावा १९११ मध्ये आला, वर्नर यांचे पीएचडीचे विद्यार्थी व्हिक्टर किंग यांच्या हातून. डाव्या-उजव्या हातासारखी, आरशातली प्रतिबिंबं असलेली कोबाल्टची दोन रूपं त्यांनी वेगळी केली. त्यासाठी त्यांनी सुमारे २००० वेळा स्फटिकीकरण केल्याचं सांगितलं जातं. १९१३ साली वर्नर यांना नोबेल मिळालं.

लॅबमध्ये याचा एक छोटा धडा रोज डोळ्यांसमोर असतो. कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेटच्या सूत्रात ६ पाणी आहेत. स्फटिकात मात्र कोबाल्टला फक्त ४ पाणी आणि २ क्लोराइड जोडलेले असतात, उरलेली २ पाणी नुसती जाळीत बसलेली असतात. नायट्रेटच्या हेक्झाहायड्रेटमध्ये सहाही पाणी कोबाल्टला चिकटलेली. दोन्ही क्षार भरपूर पाण्यात विरघळवले की गुलाबी द्रावणात ६ पाण्याचं कोबाल्ट आयनच मुख्यतः उरतं. बाटल्या दोन, नावं दोन, द्रावणात माणूस एकच.

सूत्रातच कबुली

वर्नर यांचं ६ कोपऱ्यांचं कोबाल्ट पुढे ऊर्जेच्या संशोधनात आलं. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड १९५८ मध्येच चुंबकीय गुणधर्मांच्या अभ्यासासाठी तयार करून तपासलं गेलं होतं. त्यात कोबाल्टची अष्टफलकं कडेला कड लावून थर करतात आणि थरांच्या मधल्या जागेत लिथियम बसतं. तेव्हा कोणी ते बॅटरीसाठी बघितलं नव्हतं.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. यातलं लिथियम बाहेर काढलं तर काय होतं? उत्तर होतं सुमारे ४ व्होल्ट. त्याआधी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्या टायटॅनियम डायसल्फाइडच्या बॅटरीत दोनच्या थोडं वर व्होल्ट मिळत होते. पुढे १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी या ऑक्साइडसमोर कार्बनचा इलेक्ट्रोड ठेवून सुरक्षित बॅटरीचा नमुना केला, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम, योशिनो या तिघांना नोबेल मिळालं.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा. १९८०च्या त्या पेपरच्या शीर्षकात लिथियमचं प्रमाण ठरावीक आकडा म्हणून दिलेलंच नाही. तिथे एक्स आहे, शून्यापेक्षा मोठा आणि जास्तीत जास्त १. चालू बॅटरीतला पदार्थ म्हणजे बाटलीतला पदार्थ नव्हे, हे सूत्रातच कबूल केलेलं आहे. आणि तो एक्स किती खाली जाऊ द्यायचा यावर सगळं अवलंबून असतं. निम्म्याहून जास्त लिथियम काढलं की रचना डळमळू लागते. म्हणून या पदार्थाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे २७४ मिलिअँपिअर-तास असूनही व्यवहारात बराच काळ सुमारे १४० वरच समाधान मानावं लागलं.

काचेवर बसलेला काळा थर

आता २००८ सालात येऊ. पाण्यापासून हायड्रोजन काढायचा तर दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनही काढावा लागतो, आणि ऑक्सिजनची बाजू अवघड असते. त्यात ४ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. एमआयटीमध्ये मॅथ्यू कानन आणि डॅनियल नोसेरा यांनी एक अगदी साधा प्रयोग छापला. विद्युतवाहक लेप असलेली काच, पीएच ७चं फॉस्फेट बफर आणि त्यात फक्त ०.५ मिलिमोलर कोबाल्टचा क्षार. १.२९ व्होल्ट दिल्यावर काचेवर गडद थर बसू लागला, बुडबुडे आले आणि प्रवाह वाढत गेला.

इथे कोणी असं म्हटलं नाही की 'कोबाल्टच्या क्षाराने पाणी फोडलं'. क्षार फक्त सुरुवातीला होता, उत्प्रेरक म्हणजे काचेवरचा तो थर. आणि तो थर म्हणजे नेमकं काय, हा वेगळा प्रश्न म्हणूनच मांडला गेला. ऑक्सिजन खरंच पाण्यातून येतोय ना, हे त्यांनी ऑक्सिजन-१८ घातलेलं पाणी वापरून तपासलं. थराला नीट स्फटिकी रचना नसल्याने नेहमीच्या एक्सआरडीतून फारसं काही हाती लागत नव्हतं. पुढच्या एक-दोन वर्षांत क्ष-किरण शोषणाच्या मोजमापांतून कळलं की आत कोबाल्टची अष्टफलकं कडेला कड लावून छोटे तुकडे करून बसली आहेत, लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या थराचे जणू तुकडेच. २००९ मध्ये किरणोत्सारी कोबाल्ट आणि फॉस्फरस वापरून नोसेरा यांच्या गटाने दाखवलं की व्होल्टेज बंद केलं की थरातलं कोबाल्ट द्रावणात उतरतं आणि पुन्हा चालू केलं की परत बसतं. म्हणजे तो थर सतत मोडत आणि जुळत असतो.

या शोधाचा एक परिणाम थोडा उशिरा लोकांच्या लक्षात आला. द्रावणात इतकंसं सुटं कोबाल्ट असलं तरी इतका चांगला उत्प्रेरक आपोआप तयार होतो. मग ज्यांनी ज्यांनी कोबाल्टचे सुंदर रेणू तयार करून 'आमचा रेणू पाणी फोडतो' असं लिहिलं होतं, त्यांच्या फ्लास्कमध्ये खरं काम कोण करत होतं?

५८ मायक्रोमोलरचा हिशोब

२०१० मध्ये एमरी विद्यापीठातल्या क्रेग हिल यांच्या गटाने ४ कोबाल्ट असलेला एक रेणू सायन्स नियतकालिकात छापला. टंग्स्टन, फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या दोन मोठ्या पिंजऱ्यांमध्ये कोबाल्ट बसवलेलं. कार्बन अजिबात नाही, त्यामुळे ऑक्सिडीभवनात जळून जायची भीती नाही. पाण्यात विरघळणारा, वेगवान आणि स्वस्त धातूंचा. सुट्या कोबाल्टची शंका त्यांनाही आली होती आणि त्यासाठी तपासण्याही त्यांनी केल्या होत्या.

२०११ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले जॉर्डन स्ट्रॅक आणि रिचर्ड फिंके यांनी तोच रेणू पीएच ८च्या फॉस्फेट बफरमध्ये, इलेक्ट्रोडवर तपासला. सुरुवातीला रेणू ५०० मायक्रोमोलर. ३ तासांनी द्रावणात सुमारे ५८ मायक्रोमोलर सुटं कोबाल्ट मिळालं. प्रत्येक रेणूत ४ कोबाल्ट, म्हणजे एकूण २००० मायक्रोमोलर. त्यातलं ५८ म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास. सगळा रेणू जवळजवळ शाबूत आहे असं म्हणून कोणीही सोडून दिलं असतं. पण त्यांनी तेवढंच सुटं कोबाल्ट साध्या क्षारातून घेऊन त्याच परिस्थितीत प्रयोग केला. इलेक्ट्रोडवर बसलेल्या कोबाल्ट ऑक्साइडच्या थराने मिळालेला प्रवाह मूळ प्रयोगातल्या प्रवाहाशी जुळला. निष्कर्ष असा की त्या परिस्थितीत मुख्य काम रेणूचं नाही, थराचं आहे.

त्यांच्या पेपरचं शीर्षक मला फार आवडतं. त्यात 'या रेणूने केलेलं ऑक्सिडीभवन' असं म्हटलेलं नाही. 'या रेणूपासून सुरुवात करून' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपण फ्लास्कमध्ये काय टाकलं हे आपल्याला माहीत असतं, काम कोणी केलं ते शोधावं लागतं. तेवढा फरक त्यांनी शीर्षकातच पाळला.

इथे एका बाजूला हार आणि दुसऱ्या बाजूला जीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. हिल यांच्या गटाने २०१३ मध्ये उत्तर दिलं. त्यांच्या मूळ प्रयोगात इलेक्ट्रोड नव्हता, ऑक्सिडीकारक रुथेनियमचं संयुग होतं आणि कोबाल्टच्या रेणूचं प्रमाण खूपच कमी होतं. त्या परिस्थितीत सुटं कोबाल्ट वेगळं काढून मोजलं तर त्याच्याने एवढी क्रियाशीलता समजावता येत नाही, तिथे रेणूच काम करतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे एकाच रेणूबद्दल दोन परिस्थितींत दोन उत्तरं, आणि दोन्ही मोजून काढलेली. पीएच, बफर, प्रमाण आणि ऑक्सिडीकारक यातलं काय बदललं ते न सांगता 'हा उत्प्रेरक आहे की नाही' असं विचारणंच अपुरं आहे.

आणि लोखंड परत आलं

आता तो जुना लोखंडाचा संशय. निकेल हायड्रॉक्साइडचे इलेक्ट्रोड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून 'मुरवले' की ऑक्सिजन काढायला जास्त चांगले होतात, हे बरीच वर्षं माहीत होतं. निकेलची रचना बदलते म्हणून असं होतं, अशी समजूत होती. लोखंडाच्या किंचित भेसळीचा परिणाम किती मोठा असतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. तरी २०१४ मध्ये लीना ट्रोटोशॉ, शॅनन बोएचर आणि सहकाऱ्यांनी लोखंड काढून टाकलेल्या अल्कलीत प्रयोग करेपर्यंत या गोष्टीकडे पुरेसं लक्ष गेलं नव्हतं. त्यांना दिसलं की लोखंड नसेल तर मुरवून काहीच फायदा होत नाही.

२०१५ मध्ये मायकेला बर्क आणि बोएचर यांच्या गटाने कोबाल्टवर तेच तपासलं. कोबाल्टच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये ४० ते ६० टक्के लोखंड मिसळलं तर क्रियाशीलता शुद्ध कोबाल्टच्या सुमारे १०० पट होते. अल्कलीच्या बाटलीत लोखंडाचा अंश असतो आणि प्रयोग चालू असताना थर ते शोषून घेतो. तेव्हा 'आमचा कोबाल्टचा इलेक्ट्रोड १००० सायकलनंतर आणखी सुधारला' असं वाचलं, की विचारायला हवं, अल्कली शुद्ध केली होती का?

ब्रांट यांच्या काळात शेजारच्या बिस्मथला कोबाल्टचं श्रेय मिळालं होतं. इथे शेजारच्या लोखंडाचं श्रेय कोबाल्टला मिळत होतं. जे नाव आपल्या डोक्यात आधीच आहे, त्यालाच श्रेय देण्याची सवय जुनी आहे.

तुमच्या पहिल्या वर्षासाठी

या इतिहासातून काही कामाच्या गोष्टी निघतात. त्यांना महागडं उपकरण लागतंच असं नाही.

पहिली, बाटलीपासून सुरुवात करा. कोबाल्ट नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. लेबलवर ६ पाणी लिहिलं आहे म्हणून जुन्या, ओलसर झालेल्या बाटलीतही तेवढंच असेल असं धरू नका. हेक्झाहायड्रेटच्या वजनात कोबाल्ट सुमारे २० टक्के असतं. ईडीटीए टायट्रेशन तुम्ही बीएस्सीला शिकलात, अर्ध्या तासात खरं प्रमाण कळेल. दोन धातूंचं गुणोत्तर १:२ ठेवायचं असेल तर हे टाळून चालत नाही. हातमोजे घाला, कोबाल्टचे क्षार विषारी असतात. ओलावा दाखवणाऱ्या निळ्या सिलिका जेलमधल्या कोबाल्ट क्लोराइडला युरोपने २००८ मध्येच अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलं आहे.

दुसरी, पदार्थ प्रयोगाआधी जसा तपासता तसाच नंतरही तपासा. एक्सआरडी, रामन, एक्सपीएस, जे मिळेल ते. सल्फाइड, फॉस्फाइड किंवा धातू-सेंद्रिय जाळी ऑक्सिजन काढण्याच्या परिस्थितीत अनेकदा टिकत नाही, पृष्ठभागावर ऑक्सिहायड्रॉक्साइड तयार होतं. झिफ-६७ ही कोबाल्टची जाळी किती मुलं तयार करतात! ती अल्कलीत व्होल्टेजखाली आधी हायड्रॉक्साइड आणि मग ऑक्सिहायड्रॉक्साइड होते, असं २०२० मध्ये प्रयोग चालू असतानाच्या वर्णपटांतून दाखवलं गेलं आहे. अशा वेळी 'प्रीकॅटॅलिस्ट' हा शब्द वापरा. त्याने काम कमी होत नाही, जाळीतून तयार झालेला थर साध्या थरापेक्षा चांगला का आहे हा प्रश्न उलट जास्त रंजक आहे.

तिसरी, साध्या क्षाराचा कंट्रोल ठेवा. तुमच्या पदार्थातून जेवढं कोबाल्ट द्रावणात उतरलं असेल, तेवढंच कोबाल्ट नायट्रेट त्याच बफरमध्ये टाकून तोच प्रयोग करा. इलेक्ट्रोड बाहेर काढून धुवा आणि कोऱ्या द्रावणात पुन्हा लावा. प्रवाह तसाच राहिला तर काहीतरी थर बसला आहे. या दोन प्रयोगांना एक दिवस लागतो. ते न करता थिसिस लिहिला आणि व्हायव्हाला परीक्षकाने विचारलं, तर त्या एका दिवसाची किंमत ४ वर्षांएवढी वाटेल.

चौथी, लोखंड. अल्कलीतलं लोखंड निकेल हायड्रॉक्साइडच्या साक्याने काढून टाकता येतं, पद्धत छापलेली आहे. ते जमत नसेल, तर अल्कली शुद्ध केलेली नाही असं स्पष्ट लिहा.

आणि पाचवी गोष्ट प्रयोगाची नाही, लिहिण्याची आहे. तुमच्या गाईडना आणि जर्नललाही ठाम वाक्य आवडतं, हे खरं. पण 'क्ष या पदार्थाने पाणी फोडलं' आणि 'क्ष या पदार्थापासून सुरुवात केल्यावर पाणी फुटलं' या दोन वाक्यांत काही वर्षांच्या कामाचा फरक आहे. पहिलं लिहायचा हक्क मिळवावा लागतो. तोपर्यंत दुसरं लिहा. योर्गेनसेन यांचा सिद्धांत टिकला नाही, पण त्यांच्या नोंदी वापरून दुसऱ्याला पुढे जाता आलं. आपलं अनुमान चुकलं तरी निरीक्षण दुसऱ्याच्या कामी यावं, इतपत काळजीने लिहिता आलं की संशोधनाची सुरुवात नीट झाली असं समजा.